तेवीस नंबरची शंभर टक्के हजेरी

शाळेच्या कचेरीत एक खुर्ची अशी होती, की तिच्यावर बसायची मुख्याध्यापिकेचीही प्राज्ञा नव्हती. ती हेडक्लार्कची खुर्ची. मुलं त्यांना शिक्केकाका म्हणायची. गोल शिक्का, चौकोनी शिक्का, तारखेचा शिक्का, तिन्ही ते तळहाताच्या फोडासारखे जपायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड झाली नव्हती. हे ते स्वतः सांगायचे, आणि न विचारता सांगायचे. निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. निरोपाच्या भाषणात हे वाक्य कुणी म्हणायचं, तेही त्यांनी चित्रकलेच्या मास्तरांना आधीच बजावून ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी हजेरीचं सरकारी पोर्टल आलं. वर्गशिक्षकांनी चिठ्ठीवर हजेरी पाठवायची, काकांनी ती संगणकावर चढवायची. आलेलं मूल हिरवं, न आलेलं लाल. दुपारच्या पाळीची हजेरी एकच्या आत गेली पाहिजे, नाहीतर पान बंद. म्हणून मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, पाऊण वाजता फाटक बंद करायचा हुकूम काढला. उशिरा येणाऱ्या मुलाला परत पाठवायचं. मूल शिकलं नाही तरी चालेल, आकडा वेळेवर गेला पाहिजे. असं काही बाई तोंडाने म्हणाल्या नव्हत्या म्हणा. त्यांनी नुसतं फाटकाला कुलूप घातलं.

पोर्टलची आणखी एक खोड होती. सलग तीस दिवस लाल झालेलं मूल 'शाळाबाह्य' या यादीत जायचं, मग वरून कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला यायचं आणि शाळेला नोटीस निघायची. काकांच्या या शेवटच्या वर्षी नववीतली तेवीस नंबरची मुलगी दोन महिने रोज आली आणि एकाएकी यायची बंद झाली. पंचविसाव्या दिवशी मोठ्या बाई काकांच्या टेबलाशी आल्या.

"तेवीस नंबर हिरवी करून ठेवा. मागचे दिवसही करा. येईलच की पोरगी, जाते कुठे."

काका पहिल्या दिवशी खूप कुरकुरले. खोटी नोंद? त्यांच्या हातून? पण बोट दाबलं तर चौकोन हिरवा झाला, बस्स. शाई नाही, रबर नाही, कुठे डाग नाही. आणि जाड पुठ्ठ्याचं त्यांचं रजिस्टर कपाटात तसंच सोवळ्यात राहिलं. आठवड्याभरात कुरकुर थांबली. पुढे पुढे तर तेवीसवर बोट आपोआप जायचं आणि काकांचं चहाकडे लक्ष असायचं.

वर्ष संपत आलं आणि वरच्या कचेरीतून अभिनंदनाचं पत्र आलं. शंभर टक्के हजेरीचा विद्यार्थी पोर्टलने स्वतःच निवडला होता, आणि सबंध शाळेत तो एकच होता. बाकीच्या पोरांना ताप आला होता, दात काढायचे होते, कुणी मामाकडे गेलं होतं. वर्षभर साधी शिंकसुद्धा आली नव्हती ती फक्त तेवीस नंबरला. शनिवारी साहेब जातीने येऊन तिचा सत्कार करणार होते.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, तुम्ही जा आणि तिला एक दिवसापुरती घेऊन या. गणवेश आपण देऊ."

"तिचं घर कुठे आहे?" काकांनी विचारलं. पत्ता त्यांच्याच कपाटात होता.

घर शाळेपासून चालत बारा मिनिटांवर निघालं. एक खोली, मधे पडदा. पडद्याआड आजी, तिची डावी बाजू गेलेली. मुलगी तिला चमच्याने पाणी पाजत होती. आई भिंतीशी बसून कामावरचा डबा भरत होती. काकांनी सत्काराचं सांगितलं, तेव्हा आधी कुणाला काही कळेचना.

"पण मी तर आलेच नाही," मुलगी म्हणाली.

"ते असू दे. एक दिवस यायचं, फोटो काढायचा."

"मी साडेबाराला कामावर जाते ती रात्री येते," आई म्हणाली. "तेवढा वेळ सासूबाईंजवळ कुणीतरी लागतं. सकाळी मी घरीच असते. सकाळच्या पाळीत घाला म्हणून मी विचारायला आले होते. खिडकीवर म्हणाले, पोर्टलवर ती सोय सुरू झाली की या."

खिडकीवर काकाच बसतात. त्यांना ही बाई आठवेना. ते सगळ्यांनाच तसं सांगायचे. पाळी बदलायची म्हणजे एका ओळीचा अर्ज आणि गोल शिक्का, अर्ध्या मिनिटाचं काम.

"माझ्या नववीचं काय होणार?" मुलीने विचारलं.

"पूर्ण हजेरी असली की पोर्टल आपोआप वरच्या वर्गात घालतं. दहावीत गेलीस तू."

"मला नववीचं काही येत नाही, काका. दहावीत बसून मी काय करू? मला माझी नववी परत द्या."

काकांना लाज वाटली. सरळ सांगायचं तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाटली, आणि सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी तेही त्यांना कळेना. सोमवारी सकाळी कचेरीत ये, एवढंच पुटपुटून ते बाहेर पडले.

शनिवारी साहेब आले. मुलीला ताप आहे असं त्यांना सांगण्यात आलं. वर्षभराचा ताप शेवटी त्याच दिवशी आला, बिचारीचं नशीब! तिचं प्रमाणपत्र मोठ्या बाईंनीच हसतमुखाने स्वीकारलं, आणि फोटो पोर्टलवर चढला.

सोमवारी मुलगी आली. काकांनी आधी पाळीबदलाच्या अर्जावर शिक्का मारला आणि मग दुरुस्तीचं पान उघडलं. एकशे बासष्ट दिवस. एका वेळी एकच तारीख दुरुस्त होणार. दर तारखेला कारण निवडायचं: तांत्रिक अडचण, वीज नव्हती, किंवा जाणूनबुजून चुकीची नोंद. खाली नोंद करणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली गैरहजेरीचं खरं कारण.

मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "तांत्रिक टाका. सगळे तांत्रिकच टाकतात."

"त्याने दिवस नुसता कोरा होतो, लाल होत नाही. लाल झाल्याशिवाय हिला नववीत परत बसता येणार नाही."

"मग बसू दे दहावीत. चार महिने राहिलेत तुमचे, काका. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? आणि माझ्याही?"

काकांनी तिसरं कारण निवडलं. नावाच्या चौकटीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. चौकोन लाल झाला. मोठ्या बाई तरातरा आपल्या खोलीत गेल्या आणि वर फोन लावून म्हणाल्या, की कचेरीत काय चालतं याची आपल्याला काडीचीही कल्पना नव्हती.

"खरं कारण काय लिहू?" काकांनी मुलीला विचारलं.

ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि एकेक तारीख आठवून सांगू लागली. या दिवशी आजी पलंगावरून पडली. या दिवशी औषध संपलं होतं. या दिवशी काही नाही, नुसती खिडकीत बसले होते, शाळेची घंटा ऐकू येते आमच्याकडे. काका जसंच्या तसं लिहीत गेले. चहा आला आणि निवला. चाळीस झाले, साठ झाले. एक्काहत्तराव्या तारखेला ती जरा थांबली.

"त्या दिवशी शेजारच्या काकू बसल्या होत्या आजीजवळ. त्यांना यायला उशीर झाला, म्हणून मी पळत आले. फाटक बंद झालं होतं. तुम्ही खिडकीतून हात केलात, उद्या ये म्हणून."

काकांनी पडद्यावर पाहिलं. त्या दिवशीचा चौकोन हिरवा होता. मुलगी फाटकापासून परत फिरली असेल, आणि त्यांनी इकडे बोट दाबलं असेल.

"मग आलीच होतीस की तू," ते म्हणाले. ती तारीख त्यांनी हिरवीच ठेवली आणि पुढची उघडली.