शहाण्यांचा शब्द

ठाण्याच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. ‘सॉफिस्ट्री’ हा शब्द आला की मुलांना त्याचा इतिहास सांगते. मूळ ग्रीक शब्द शहाणपणाचा. सॉफिस्ट म्हणजे जाणता माणूस. पुढे हे जाणते फी घेऊन वाद जिंकायला शिकवू लागले. बाजू खरी की खोटी याची फिकीर नाही, लोकांना पटली पाहिजे एवढंच. त्यांनी नाव घालवलं आणि शब्दही नासवला. इंग्रजीत तो आला तो चलाख दिशाभुलीचा अर्थ घेऊनच. मुलं उदाहरण मागतात. मी पुस्तकातलं देते, घरचं देत नाही.

कळव्याला आमची शेती होती, शेतातच जुनं घर. वडील गेले आणि जमीन बिल्डरला द्यायचं ठरलं. आमच्यात बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची रीत आहे; जी करत नाही तिचं माहेर तुटतं. मुलीलाही सारखा वाटा असतो हे मला चांगलं माहीत होतं. भाऊ वकील, त्याला तर माहीत असणारच. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, आणि जेवता जेवता तो म्हणाला, “अगं, वाटण्या परक्यांत होतात. तू सही केलीस की घरचीच राहिलीस. मग सगळं तुझंच ना?”

मी सही केली.

जुनं घर पाडलं, टॉवर उभा राहिला. भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये आईला काही खोली निघाली नाही. मी जाब विचारला तर म्हणाला, “तू हक्क सोडलास, आईला कुठे सोडलंस? मुलगी ती मुलगीच.” बिनतोड बोलतो मेला. तेव्हापासून आई डोंबिवलीला माझ्याकडे, हॉलमधल्या दिवाणावर. तिच्या पिशव्या रिक्षातून आल्या, तो आला नाही. जमीन गेली त्याचं मला फारसं वाटत नाही. आईला सामानासारखं धाडलं, याची मात्र चीड येते, रोज येते.

संध्याकाळी ती खिडकीशी बसते.

“तो कवा येल गो मना नेवाला?”

“आई, तो राहतो बाराव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली तर तुझ्या गुडघ्यांचं काय? तुला जपतो म्हणूनच नेत नाही तो.”

आई यावर जरा विचार करते. मग तिचा चेहरा खुलतो.

“माजा पोऱ्या हुशार हाय,” ती म्हणते.