हाड धरेपर्यंत

लिंबाजीच्या पोराचा, दत्ताचा फोन आला तेव्हा मी सिरसाळ्याच्या बाजारात गाड्यावर मोसंबी रचत होतो. "चाचा, आबा गेले," एवढंच म्हणाला. मला वाटलं, पोराची काहीतरी चूक होतेय. लिंबाजी खुब्याचा सांधा बदलून घरी आला होता, दोन वेळा जेवत होता, मला चिडवतही होता... असा माणूस जातो कसा?

लिंबाजी मेंढपाळ. माझ्याकडची नासकी फळं मेंढरांसाठी न्यायचा, तिथून दोस्ती झाली. कुणाच्याही मेंढराचा पाय मोडला की आसपासची गावं त्याच्याकडेच यायची. बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि जनावराला जागचं हलू द्यायचं नाही, हा त्याचा कायदा. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज वॉकर धरून चाला, पडल्यापडल्या पावलं हलवा, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होईल. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या त्याने इमानाने घेतल्या. चालणं मात्र त्याला पटलं नाही.

"हाड धरेपर्यंत हलायचं न्हाई, सलीमभाई. माजी जिंदगी ह्यात गेली."

"तू मेंढरू हायस का बे?"

तो पोट धरून हसला, पण खाटेवरून काही उतरला नाही.

पोटरी सुजली तेव्हा कौसावहिनी घाबरल्या, दवाखान्यात जाऊ म्हणाल्या. "सूज आली म्हंजी हाड धरायलंय," असं सांगून त्याने त्यांनाच गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत कळ आली, श्वास पुरेना, आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला अजून त्याचा राग येतो. जन्मभर मेंढरांमागे चाललेल्या माणसाने चालायचं तेव्हाच हट्टाने पडून राहावं... राग ओसरला की नुसतं वाईट वाटतं. मेंढराचा इलाज माणसाला का चालत नाही, हे कुणीतरी त्याच्या भाषेत समजावायला हवं होतं.

परवा त्याच्या घरी गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. वहिनी शेजारच्या अंगणात होत्या. तिथल्या म्हातारीच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालंय.

"ऱ्हाऊ दे गं माय, लई दुखतंय," म्हातारी कण्हत होती.

"दुखू द्या, आत्याबाई. दारापर्यंत चला. मी हाय संगं."

मला पाहूनही वहिनी थांबल्या नाहीत. म्हातारी वॉकर सरकवत एकेक पाऊल टाकत होती. तिचं लुगडं जरा वर गेलं होतं, आणि वहिनींची नजर तिच्या पोटरीवरून हलत नव्हती.