आबाकाकांची परत आलेली मेल

आबाकाका सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी वारले, तेव्हा ते ओट्यावर बसून चहात खारी बुडवून खात होते. त्यांना मारलं मी.

मुद्दाम नाही. शेअर रिक्षात "इथे थांबवा" एवढंसुद्धा मला मोठ्याने म्हणता येत नाही. मी शेवटपर्यंत बसते आणि मागे चालत येते. (घरी सांगते, व्यायाम होतो.)

माझे पप्पा आमच्या ज्ञातिसंस्थेचे चिटणीस. राजोडीच्या वाड्यांपासून विरारच्या फ्लॅटांपर्यंत पसरलेली चारशे घरं. कोणी गेलं की पूर्वी सायकलवरून माणूस निरोप घेऊन जायचा. मग व्हॉट्सअॅप ग्रुप आला, ग्रुपमध्ये भांडणं झाली, एकाचे तीन ग्रुप झाले, आणि एका ग्रुपातला माणूस गेला तर बाकीच्या दोघांना ते तेराव्याला कळायला लागलं.

"तू कॉम्प्युटरवाली आहेस," पप्पा म्हणाले. "काहीतरी कर."

नाही म्हणायला बोलावं लागतं, म्हणून मी हो म्हटलं.

मेल पाठवणाऱ्या एका सेवेला मी संस्थेची वेबसाइट जोडली. आपल्या वेबसाइटने एपीआय नावाच्या खिडकीतून तिला सांगायचं, ही मेल सगळ्यांना पाठव, ती पाठवते. मग वेबहुक नावाची एक सोय असते. पोस्टमनने उलट आपल्या दारात येऊन सांगावं, तशी ती सेवा आपणहून वेबसाइटला कळवते, की अमक्याला पोचली, तमक्याने उघडली, ह्याची परत आली. परत आलेल्यांना पुन्हा पाठवत बसायचं नसतं. त्यांना यादीतून बाजूला काढायचं.

बाजूला म्हणजे कुठे? आमच्या संस्थेच्या वहीत नाव कधीच खोडत नाहीत. माणूस कॅनडाला जाऊ दे, पळून जाऊन लग्न करू दे, अध्यक्षांवर केस टाकू दे, तो 'हयात' या रकान्यात राहतो. तिथून बाहेर पडायची वाट एकच, आणि ती 'दिवंगत' या रकान्यात जाते. मी वही होती तशी कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती. परत आलेल्या मेलवाल्यांना कुठे ठेवू, हे पप्पांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. हयातमधून काढलं की ते दिवंगतमध्ये गेले. दुसरी जागाच नव्हती!

आणि महिनाभर आधी मीच लिहून ठेवलं होतं, की कोणाचं नाव दिवंगतमध्ये आलं की सगळ्यांना आपोआप निरोप जाईल: अंत्ययात्रा चार तासांनी, राहत्या घरातून. दोन्ही गोष्टी मी नीट तपासल्या होत्या. वेगवेगळ्या.

त्या सकाळी वार्षिक सभेची मेल गेली. आबाकाका म्हणजे पप्पांचे चुलत भाऊ, शेजारच्या वाडीत एकटे राहणारे. त्यांची मेलपेटी लोकांनी पाठवलेल्या सुप्रभाताच्या गुलाबांनी तुडुंब भरली होती. एकट्या त्यांचीच मेल परत आली.

साडेआठला संस्थेतले विलासकाका कोयता घेऊन आबांच्या वाडीत शिरले आणि तिरडीसाठी बांबू तोडायला लागले.

"कोन गेला रे?" आबांनी ओट्यावरून विचारलं.

विलासकाकांनी वळून पाहिलं. कोयता खाली ठेवला. "आबा, तुम्हीच."

"मला कोनी सांगितलं नाय."

तेवढ्यात शेजारच्या मंदाकाकू फाटकापासूनच रडत आल्या. त्यांना पाहून आबांनाही रडू आलं. कोणासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मंदाकाकू उगाच रडणाऱ्यांपैकी नाहीत. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारच्या घरांतून भाताचे टोप यायला लागले. एकजण हार घेऊन आला आणि आबांना समोर पाहून तो पाठीमागे लपवून उभा राहिला.

मी घरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद करून. पप्पांचा फोन आला.

"मिताली, आबा गेल्याचं तू कळवलंस?"

"नाही पप्पा."

"तुझ्या वेबसाइटने कळवलंय."

"मग... हो."

"ते माझ्यासमोर बसलेत. विचारतायत, त्यांना किती वाजता न्यायचंय."

मी लॅपटॉप घेऊन धावत गेले. दुरुस्तीची मेल पाठवते म्हटलं, तर पप्पांनी लॅपटॉप मिटला. "आता आणखी कोणाला मारू नकोस."

अकरापर्यंत गर्दी पांगली. विलासकाकांनी विचारलं, "आबा, बांबू नेऊ का?"

"राहू दे. लागतीलच."

मग आबांनी मला जवळ बोलावलं. सकाळभर ते खुर्चीत बसून कोण कोण आलं ते पाहत होते. "बाय, सुधीरला गेली काय ती मेल?"

सुधीरदादा त्यांचा एकुलता मुलगा, पुण्याला असतो. वाडी रिसॉर्टवाल्याला द्यायची की नाही, यावरून सहा वर्षं बाप-लेकाचं बोलणं बंद. मी फोनवर वेबहुकच्या नोंदी काढल्या. पोचली: आठ वाजून तीन मिनिटं. उघडली: आठ पाच. पुन्हा आठ सहा. मग सव्वानऊ, दहा, पावणेअकरा. एकूण नऊ वेळा. बाप गेल्याची बातमी नऊ वेळा वाचली आणि एक फोन नाही.

मी वर पाहिलं. आबा वाट बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "परत आली."

"परत आली? म्हंजे माझ्यासारखीच?"

"हो."

"म्हंजे तो पन गेला." ते हसले नाहीत. "लाव फोन. हाय का बघू."

मी स्पीकरवर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"मी बोलतो," आबा म्हणाले. "गेलो नाय मी. पोरीचा घोळ झाला."

पलीकडून हॉर्न ऐकू येत होते.

"बरं," सुधीरदादा म्हणाला. "मग मी फिरतो मागे."

"मागे कुठून?"

"घोडबंदरवरून. मेल बघितली तसा निघालो. ट्रॅफिक आहे. प्रत्येक सिग्नलला मेल उघडून वेळ बघतोय, बाराच्या आत पोचतो की नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. नवीन खोटं सुचायला मला साधारण दोन दिवस लागतात. मी भाताच्या टोपाकडे पाहत राहिले.

"फोन का नाय केलास?" आबांनी त्याला विचारलं.

"कोणाला करणार होतो? ज्यांना करायचा ते गेले म्हणून लिहिलं होतं."

आबांनी टोपावरचं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "एवढा आलायस तर ये. भात लय उरलाय."

तो आला. दोघं समोरासमोर बसून आबांच्या सुतकाचा भात जेवले. बोलणं मिठापुरतं झालं. वाडीचा विषय कोणी काढला नाही, बाकीचाही कुठला काढला नाही. चार वाजता तो गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही.

वहीत आता मी तिसरा रकाना केला आहे, 'पत्ता चुकलेले'. एक दिवस आबा काठी टेकत आमच्याकडे आले. पप्पा बाहेर गेल्याची खात्री करून घेतली, आणि हळूच म्हणाले, "बाय, ती मेल एकट्या सुधीरला परत पाठवता येईल काय?"

"नको, आबाकाका. मीच त्याला फोन करते. भेटायला ये म्हणून सांगते."

ते समाधानाने घरी गेले. चारशे घरांना एका सेकंदात निरोप देणारी मुलगी आहे मी. त्याला तीन आठवडे झाले. त्याचा नंबर काढून ठेवला आहे.