मेट्रनचा डोळा

उभ्या नगर शहरात आमच्या सिस्टरबाईंनी ज्याची नाडी पाहिली नाही असा माणूस शोधायचा, तर तो त्यांच्या गल्लीत कधी पाऊलच न टाकलेला असायला हवा. पोस्टमन असो, मीटर पाहायला येणारा असो की जुन्या पितळेची मोड घेणारा असो, दारात आलेल्याचं मनगट आधी त्यांच्या हातात जायचं आणि काम मग विचारलं जायचं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण पदराला पिनेनं अडकवलेलं त्यांचं छोटं घड्याळ काही निवृत्त झालं नव्हतं. मी काष्टीहून कॉलेजसाठी आलो आणि वडिलांबरोबर त्यांच्या मागच्या खोलीची चौकशी करायला गेलो, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांच्याही नाड्या पाहिल्या. मग वडिलांना म्हणाल्या, "तुमची ठीक आहे. मुलगा घाबरलेला आहे. खोली देते."

घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शहरात कसं वागायचं हे सांगणारं मला कोणी नव्हतं. ते काम बाईंनी न विचारता अंगावर घेतलं. त्यांच्याकडे पाणी उकळायचं, चमचे उकळायचे, रुमाल उकळायचे. आईनं गावाहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी मी त्यांना दाखवली, तेव्हा ती उकळता येणार नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. शब्दांच्या बाबतीतही त्यांचं तेच होतं. माझ्या तोंडून 'हाय' किंवा 'न्हाई' निघालं की त्या जंतू दिसल्यासारखा चेहरा करत आणि शब्द शुद्ध होऊन परत येईपर्यंत थांबत. पाणीटंचाईचं वर्ष होतं ते. एका सकाळी अंगणातला नळ अचानक सुरू झाला आणि मी ओरडलो, "बाई, नळ आलाय, लई पानी हाय." त्यांनी मला ते वाक्य नीट म्हणायला लावलं. माझं 'खूप पाणी आहे' त्यांच्या मनासारखं होईपर्यंत नळ गेला होता. मला राग आला नाही. एवढ्या स्वच्छ बाईंच्या घरात आपली जीभच तेवढी मळकी आहे, असं मला खरंच वाटायचं.

त्यांच्या घरात आणखी एक जण राहत असे, ती म्हणजे त्यांची मांजर. पांढरी, पाठीवर एक काळा ठिपका, आणि नाव मेट्रन. शेपटी ताठ करून ती सकाळी प्रत्येक खोलीच्या दारात क्षणभर थांबायची, आत नजर टाकायची आणि काही न बोलता पुढे जायची. दवाखान्यातल्या मुख्य नर्स, मेट्रनबाई, अशाच फेरी मारायच्या म्हणे. सगळ्या जगाची नाडी पाहणाऱ्या सिस्टरबाई या मेट्रनपुढे मात्र नरम होत्या. मेट्रन खुर्चीत झोपली असेल तर त्या स्वतः पाटावर बसायच्या.

त्या मेट्रनचा डावा डोळा आला. 'डोळा आला' असं आपण म्हणतो. मग आधी तो कुठे गेलेला असतो, असा प्रश्न मला पडला होता, पण मी तो बाईंना विचारला नाही. सकाळी डोळा चिकटलेला असायचा, दुपारी त्यातून पाणी वाहायचं. बाईंनी बोरिकचं कोमट पाणी केलं, कापसाचे बोळे केले, मलमाची ट्यूब आणली. खिळ्याला पुठ्ठा अडकवला आणि त्यावर केसपेपर लावला. पेशंट: मेट्रन. डोळा: डावा. त्याखाली सकाळ-संध्याकाळचे रकाने होते आणि सगळ्यात खाली 'कारण' असं लिहून जागा मोकळी सोडलेली होती. रकाने भरण्याचं काम माझ्याकडे आलं. मायेच्या माणसाला पेशंट नेहमी बरा होत असलेलाच दिसतो, म्हणून नोंद तिऱ्हाइतानं करावी, असं त्यांचं म्हणणं. मी सायन्सचा विद्यार्थी, निरीक्षण आणि अनुमान यांच्या वह्या नुकत्याच लिहायला लागलो होतो. मी ते काम फार गंभीरपणे केलं.

डोळा मात्र विचित्र वागत होता. चार दिवस सुधारायचा, मेट्रन दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे तुच्छतेनं पाहायला लागायची, आणि अचानक एका सकाळी पुन्हा सगळं पहिल्यासारखं. महिना झाला तेव्हा आम्ही तिला करंडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढे दोन बैल, एक म्हैस, मागे शेळ्या. कंपाउंडरच्या रजिस्टरात मांजरासाठी रकानाच नव्हता. त्यानं थोडा विचार करून तिला शेळ्यांत लिहिलं. बाईंनी त्याची नाडी पाहायला हात पुढे केला, पण त्याला वाटलं त्या भांडायला आल्या आहेत आणि तो आत निघून गेला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं बॅटरीचा उजेड पाडून डोळा पाहिला आणि सांगितलं की बुबुळावर फूल पडायला लागलं आहे. औषध बरोबर आहे, पण धूळ, धूर, काहीतरी तिला पुन्हा पुन्हा लागत असणार. ते शोधा. दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर हा डोळा राहणार नाही.

परत येताना करंडी त्यांनी माझ्या हातात दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात शोध सुरू झाला. पहिला संशय माझ्या वातीच्या स्टोव्हवर आला. तो अंगणात गेला आणि त्याच्याबरोबर मीही. वाऱ्यानं वात विझायची, आणि माझ्या भाकरीला एका बाजूनं ज्वारीची आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेलची चव यायची. मेट्रनची गोधडी उकळून झाली. माझीही झाली. शेजारच्या पिंजाऱ्याला बाईंनी कापूस गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला नेऊन पिंजायला लावला. डोळ्याला त्यातल्या कशाचाच फरक पडेना. मग एका संध्याकाळी सगळे केसपेपर जमिनीवर ओळीनं मांडून मी बसलो असताना मला दिसलं, की डोळा बिघडल्याची प्रत्येक नोंद शुक्रवार सकाळची आहे. एकही चुकलेली नव्हती. मी बाईंना दाखवलं. त्यांनी बोटानं एकेक शुक्रवार मोजला. गुरुवारी या घरात असं काय होतं, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी चाचरत म्हणालो की गुरुवारी तुम्ही धूप घालता.

हे खरं होतं. गुरुवारी माझं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत असे, आणि मी परत यायचो तेव्हा घर धुपानं भरलेलं असायचं. दत्ताचा वार म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो. बाई उठल्या, धुपाटणं घेतलं, घासून पुसून माळ्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "धूप बंद."

पुढच्या गुरुवारी प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून आमचं प्रॅक्टिकल रद्द झालं. मी दुपारीच घरी आलो. अंगणात पाय टाकला आणि नाकात वास शिरला. मला आधी काष्टीचं आमचं घरच आठवलं. आई चुलीवर तवा ठेवून बसलेली, तव्यात तंबाखू काळी होतेय, आणि आम्ही सगळे ठसकत, डोळे चोळत बाहेर पळतोय. आईची मिश्री आठवड्यातून एकदा अशीच भाजली जायची आणि मग रोज सकाळी तिच्या दातांना लागायची. मग लक्षात आलं की मी काष्टीत नाही, सिस्टरबाईंच्या अंगणात उभा आहे. स्वयंपाकघराचं दार आतून लोटलेलं होतं.

मी परत फिरायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. थोरामोठ्यांची एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही असं दाखवणं हेच बरं, असं मला वाटत होतं. पण तेवढ्यात आतून मेट्रन ओरडली. मी दार ढकललं. ज्वारीच्या कोठीमागून ती अंग ओढत बाहेर आली, डावा डोळा घट्ट मिटलेला, पाणी मिशांपर्यंत आलेलं. दुपारी ती गच्चीवर असते अशी बाईंची समजूत होती. ती कोठीमागे झोपत होती. आणि बाई चुलीपुढे, हातात उलथनं, तोंडाला पदर. धूप कशाचा वास झाकायला होता ते मला आता कळलं. ज्या गोष्टीचं त्या घरात अस्तित्वच नव्हतं, तिच्यावर त्यांनी संशय तरी कसा घ्यावा? मला काही शहाणं बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते असं:

"बाई, मिसरी हाय ही."

मी दचकलो. बाईंनी मला शुद्ध बोलायला लावलं नाही. त्यांनी तवा उतरवला, खिडकी उघडली, मेट्रनला उचलून मांडीवर घेतलं आणि ओल्या पदरानं तिचा डोळा टिपत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोळा वर्साची हुते तवापास्नं हाय रं. लई डाव सोडली. सुटत न्हाई."

एवढ्या दिवसांत मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. तो आमच्या काष्टीतल्या कुठल्याही बाईचा असू शकला असता.

"तुजी आय लावती का?"

"व्हय."

"मंग वळीखलास." त्या जराशा हसल्या. मग उठून त्यांनी केसपेपर काढला आणि 'कारण' या शब्दापुढे आपल्या सुरेख अक्षरात 'मिश्री' असं लिहिलं. तव्यातली सगळी त्यांनी मोरीत ओतली.

पुढचे तीन आठवडे गल्लीनं फार सोसलं. बाईंचं डोकं दुखे, हात थरथरे, आणि त्या प्रत्येकाची नाडी दोनदा पाहत. पोस्टमन आमची पत्रं खिडकीतून टाकून पळायला लागला. बडीशेपेचा डबा रिकामा होई, भरला जाई, पुन्हा रिकामा होई. एकदा तर त्यांनी मेट्रनलाच समोर बसवून बजावलं की तू बरी झाली नाहीस तर मी पुन्हा सुरू करीन. मी खिळ्याजवळ उभा राहून रोज नोंद करत होतो. पहिला शुक्रवार: पाणी कमी. दुसरा शुक्रवार: चिकटला नाही. तिसऱ्या शुक्रवारी मेट्रन माझ्या दारात आली, शेपटी ताठ, दोन्ही डोळे उघडे, आणि खोली पाहून नापसंतीनं पुढे गेली. मी धावत जाऊन सांगितलं. बाईंनी माझी नाडी पाहिली. पण घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बुबुळावर एक निळसर डाग तेवढा राहिला.

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली, ती कोणी ठरवून पाडली नाही. गुरुवारी, पूर्वी जेव्हा धुपाचा वास यायचा त्या सुमाराला, बाई मागच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "आज गुरुवार हाय." मग घटकाभर आम्ही दोघं आमच्या खऱ्या भाषेत बोलायचो. त्यांच्या गावची विहीर, माझ्या गावचा बाजार, त्यांची आई, माझी आई. मेट्रन मधे बसलेली. दिवा लागला की त्या उठायच्या आणि म्हणायच्या, "हात धुऊन घे." तिथून पुढे बुधवारपर्यंत सगळं पुन्हा उकळलेलं.

मागच्या वर्षी बाईंनी नगरचं घर सोडलं आणि मेट्रनला घेऊन श्रीरामपूरला भाचीकडे राहायला गेल्या. मी हॉस्टेलवर आलो. इथे माझं बोलणं आता कोणाला खटकत नाही, तेवढं त्यांनी करून ठेवलं आहे. त्यांची कार्डं येतात. अक्षर तेच, भाषा तीच, स्वच्छ: प्रकृती ठीक आहे, भाचीची मुलं हात धुत नाहीत, अभ्यास करावा. मी लगेच उत्तर लिहितो आणि शुद्धलेखन दोनदा तपासतो.

परवा आलेलं कार्ड तसंच होतं. नेहमीचा मजकूर, खाली सही. सहीच्या खाली, पत्ता लिहायच्या जागेला टेकून, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. कुठे खाडाखोड नव्हती, चुकून लिहिलेलं नव्हतं. मी वर तारीख पाहिली आणि वार मोजला. गुरुवार होता.

"मेट्रनचा डोळा बरा हाय. हितं कुनी बोलाय न्हाई."