इंजिनावरच्या अक्षता

गाडीचं इंजिन मिसिंग करायला, धक्के मारायला लागलं, तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं. निदान अंगणात तरी कुणीतरी कुरकुरत होतं.

गाडी जुनी, जर्मन, सहा सिलिंडरची. एका साली टोमॅटोने हात दिला, तेव्हा पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली. आमच्या महाळुंगे पडवळच्या शेतरस्त्यावर तिला बघून भावकी म्हणायची, "राव, हिला बैलं जुपा, न्हाईतर खड्ड्यातनं निघायची न्हाई." मी त्यांना हसू द्यायचो. बायको मात्र पुढच्या सीटवर अशी बसायची, जणू गाडी तिनेच माहेरून आणली होती.

ती गेल्यावर गाडी उभीच राहिली. पुण्याहून मुलाचं फोनवर एकच पालुपद, "पप्पा, तुम्ही एकटे. एवढी गाडी कशाला? काढून टाका." त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला राग यायचा. शेवटी निरगुडसरचा एकजण घ्यायला तयार झाला, लग्नात नवरदेव मिरवायला. त्याची अट एकच, इंजिनाने धक्के मारता कामा नयेत. मी हो म्हणून बसलो.

नारायणगावच्या माझ्या नेहमीच्या फिटरने आवाज ऐकला, "प्लग गेलेत" म्हणाला आणि दोन प्रकारचे प्लग पुढे ठेवले. एक साधे, थोडे दिवस काम भागवणारे. दुसरे मूळ गाडीला येतात तसे, बारीक टोकाचे. एकदा बसवले की वर्षानुवर्षं बघायला नको.

"भाऊ, गाडी ठेवायची का काढायची, ते आधी सांगा. काढायची आसंल तर साधेच घाला. दुसऱ्याच्या गाडीसाठी कशाला जीव टाकता?"

"काढायचीय," मी म्हणालो.

या इंजिनात प्लग खोल भोकांत बसतात. खोलण्याआधी त्या भोकांत हवा मारून कचरा उडवावा लागतो, नाहीतर तो इंजिनात पडतो. फिटरने रबरी टोप्या उपसल्या, हातातली बॅटरी लावून आत डोकावला आणि हसायलाच लागला.

"आवो, आत पुलाव शिजवलाय की तुमी!"

मी वाकून पाहिलं. आत तांदूळ होते. बरेचसे तेलाने काळे पडलेले, काही अजून कुंकवाने लालसर. मध्येच झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

दसऱ्याला ती मला बॉनेट उघडायला लावायची. हळदकुंकू सगळेच चाकांना लावतात. हिचं म्हणणं, पळतं ते इंजिन, मग मान चाकांना का? म्हणून मूठभर अक्षता थेट इंजिनावर. मग सीमोल्लंघन. आपला तालुका आंबेगाव, तेव्हा जुन्नर तालुक्यात शिरल्याशिवाय सीमा ओलांडली असं तिला वाटायचंच नाही. आणि शिरलोच आहोत तर थेट घाटघरपर्यंत, सोनकीची पिवळी फुलं बघायला. तिथल्या वाऱ्यात ती कानांवर पदर घट्ट धरून बसायची, पण काच वर करू द्यायची नाही.

फिटरचं हसू थांबलं. "वैनी टाकायच्या का?" त्याने बॅटरी विझवली. "गेल्या ते कळालं व्हतं भाऊ. यायला न्हाई जमलं."

"असू दे," मी म्हणालो. लोक मला जेवणाचं विचारतात, गोळ्यांचं विचारतात, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिथे, उघड्या बॉनेटपाशी, मला तिची फार आठवण आली.

त्याने हवेचा पाइप उचलला. त्याचा हात धरावासा वाटला, पण धरून करणार काय? तांदूळ उडाले आणि गॅरेजच्या तेलकट फरशीवर पसरले. तिचे दाणे कुठले आणि कचरा कुठला, ते ओळखू येईना.

"दुसरे घाल," मी म्हणालो. "बारीक टोकाचे."

"मंग ठेवताय म्हना की."

"ठेवतोय."

"ह्या प्लगात तुमचंबी वय निघून जाईल बघा," तो म्हणाला. "फकस्त आता इंजिनावर तांदूळ टाकू नका."

निरगुडसरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. चार शब्द ऐकून घेतले. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

दसऱ्याला सकाळी मीच बॉनेट उघडलं. कुंकू लावलं, ते तिरकं गेलं. अक्षता मुठीत घेतल्या आणि तसाच उभा राहिलो. इंजिनावर टाकायच्या नव्हत्या, आणि परत ताटात ठेवायला हात होईना. शेवटी पुढचं दार उघडलं आणि तिच्या सीटवर वाहिल्या.

जुन्नर मागे पडलं. इंजिन आता इतकं गप्प झालं होतं की खड्ड्यात गाडी आदळली की सीटवर उडणाऱ्या दाण्यांचाही आवाज यायचा. घाटघरच्या चढाला वारा आत घुसला.

"काच वर करू का गं?" मी विचारलं.

थोडा वेळ वाट पाहिली. मग काच तशीच उघडी ठेवली.