हृदय, अपेंडिक्स आणि श्रीधरकाका

बँकेने माझी बदली बनारसला केली, तेव्हा भोसले घाटामागच्या गल्लीत एका मराठी घरी वरची खोली रिकामी असल्याचं कळलं. दार उघडलं ते खांद्यावर गमछा आणि गालात पान असलेल्या एका गृहस्थांनी. मी नाव, गाव, नोकरी सांगत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "पेटीची काळी पाच. बरी पट्टी आहे तुमची, ताई. आधीचा किरायेदार पांढरी एकमध्ये खोकायचा, घर बेसूर करून टाकलंन. सामान घेऊन या."

हे श्रीधरकाका. त्यांचे वडील दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा सांगायचे. मुलाने गादी चालवावी ही त्यांची इच्छा. मुलगा कीर्तनात पेटी वाजवता वाजवता दिल्लीला पळाला आणि स्टुडिओंमध्ये कीबोर्ड वाजवू लागला. जाहिराती, भजनं, लग्नाची गाणी, बोलावणं येईल ते. "पण मी पुरोहितच राहिलो, ताई," ते म्हणायचे. "यजमान आला, पूजा सांगितली, आसन गुंडाळलं. कुणाच्या घरात मुक्काम करायचा नाही."

एका घरात मात्र मुक्काम पडला. भजनाच्या रेकॉर्डिंगला गेलेल्या काकांनी स्टुडिओत चुकीचं दार उघडलं. आत 'उलटा पंखा' नावाचा, तेव्हा कुणालाच ठाऊक नसलेला रॉक बँड एका गाण्यात अडकून बसला होता. केस वाढवलेली चार पोरं पाहून काकांना वाटलं, हीच भजनमंडळी. ते कीबोर्डपुढे बसले, गाणं ऐकलं आणि विचारलं, "यात भगवान का नाम किधर आता है?" कुणीतरी हसत म्हणालं, नाही येत. "मग मध्ये थोडी जागा सोडा, त्याला वाटलं तर येईल," असं म्हणून त्यांनी भूप रागाच्या अंगाने एक तुकडा वाजवला. तोच तुकडा पुढे देशभरातली पोरं शिट्टीवर वाजवत फिरली. शेजारच्या खोलीत भजनवाले संध्याकाळपर्यंत ताटकळले.

बँड मोठा झाला. काका पुढे बनारसच्या घरी परतले, तरी त्यांच्या कार्यक्रमांना जात राहिले. पोस्टरवर चौघंच असायचे आणि मंचावर काका काळ्या पडद्याआड. मी एकदा म्हटलं, हा अन्याय आहे. काका दचकलेच. "अन्याय कसला? पडद्याआड लुंगी चालते, ताई. समोर बसलो तर मे महिन्यात चामड्याची पँट घालावी लागेल." एका कार्यक्रमात वाऱ्याने तो पडदाच पडला. लोकांना दिसले लुंगी-बनियनमधले काका, उजव्या हाताने वाजवताहेत आणि डाव्या हाताने पानाचा विडा तोंडात कोंबताहेत. टाळ्या थांबेनात. गायक विकीने भर मंचावर त्यांचे पाय धरले आणि पाचवा सदस्य व्हा म्हणून हट्ट धरला. काकांनी नकार दिला. "सदस्य झालो की तुमच्या झगड्यात माझाही पक्ष होईल. मग तुम्ही रुसून येणार कोणाकडे?"

झगडा व्हायचा तो झालाच. विकी आणि गिटारवाला जोजो, शाळेपासूनचे मित्र, एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. बँड मोडल्याची बातमी पेपरात आली. दोघंही काकांना फोन करून दुसऱ्याच्या तक्रारी सांगायचे आणि काका दोघांनाही "हो, हो, बरोबर" म्हणायचे. एक दिवस ते काकूंना म्हणाले, "आता मला बीमार पडलं पाहिजे."

आठवड्यातच दोघं वेगवेगळ्या विमानांनी, एकाच सकाळी, दारात येऊन भिडले. दार मी उघडलं. विकीचे डोळे रडून लाल. "काका का हार्ट कैसा है?" जोजो उसळला, "हार्ट? उनका तो अपेंडिक्स फटा है!" तेवढ्यात आतून काका आले, हातात कचोरीचा द्रोण. कोणाला कोणतं दुखणं सांगितलं होतं, हे ते साफ विसरले होते. क्षणभर त्यांनी हात छातीवर ठेवला, मग पोटावर नेला, शेवटी म्हणाले, "दोन्ही बरं झालं. चला, गंगेवर जाऊ."

मलाही ओढून नेलं. नाव प्रवाहाच्या मध्यावर आली तशी काकांनी नाववाल्याला वल्ही आत घ्यायला सांगितली. एका टोकाला विकी, दुसऱ्या टोकाला जोजो, दोघांची तोंडं दोन काठांकडे. मग काका त्यांचं ते गाजलेलं गाणं गुणगुणू लागले आणि अंतऱ्यात चक्क घसरले. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच घसरले. तिसऱ्यांदा दोन्ही टोकांवरून एकदम ओरडा झाला, "गलत!"

विकी बरोबर सूर गायला. जोजो म्हणाला, तूही चुकतोयस, मुळात असं नव्हतंच. विकी म्हणाला, चाल माझी आहे, मला शिकवू नकोस. जोजो तावातावाने उठला, नाव हेलकावली आणि तो विकीच्या अंगावर कोसळला. मग त्या दोघांनी एकमेकांना धरून जे काही भांडण केलं, ते हसण्यात कधी गेलं आणि रडण्यात कधी, मला सांगता येणार नाही. काका नाववाल्याला पान देत होते.

परतताना मी विचारलं, "मुद्दाम चुकलात ना?"

"बरोबर गायलो असतो तर दोघं गप ऐकून घरी गेले असते, ताई."

पुढच्या हिवाळ्यात काकांचं हृदय खरोखरच बिघडलं. डॉक्टरांनी जवळच्यांना कळवा म्हटल्यावर काकांनी विकीला फोन लावला. मी आणि काकू शेजारीच होतो. पलीकडून विकीचा हसण्याचा आवाज आला, "इस बार कौन सी बीमारी है, काका?" काका नुसते ऐकत राहिले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी, सकाळचा चहा घेता घेता ते गेले.

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर बँडमधले चौघंही आले होते. सगळं आटोपल्यावर विकी माझ्याजवळ येऊन पायरीवर बसला.

"मैं हँसा था, दीदी. उनको बुरा लगा होगा ना?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. फोन ठेवल्यावर काकांचा चेहरा उजळला होता. काकूंचा हात धरून ते म्हणाले होते, "अगं, मागून जोजोचं हसणं ऐकलंस? दोघं एकाच खोलीत आहेत."