आभाराचं पान
बाइंडिंगच्या ओल्या खळीचा वास आला की मला एक कारकून आठवतो. दंगलीत घरं जळालेल्यांसाठी सरकारनं बांधलेली, म्हणजे फक्त कागदावर बांधलेली घरं हा माझ्या पीएचडीचा विषय होता, आणि त्याच्या फायली मला दाखवल्या गृहनिर्माण खात्याच्या रेकॉर्ड रूममधल्या या माणसानं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं त्याचं मराठी घर. माझं मराठी ऐकूनच त्यानं कपाट उघडलं होतं. "अक्का, माझं नाव तेवढं कुठं घालू नका," एवढंच त्याचं मागणं. मी नाव घातलं नाही. पण राजाजीनगरच्या दुकानात प्रबंध बाइंडिंगला टाकायच्या आदल्या दिवशी मन भरून आलं, आणि आभारात लिहिलं, 'मुलीच्या जुन्या रिबिनींनी फायली बांधून जपणाऱ्या त्या गृहस्थांना.' केवढी खूश होते मी त्या ओळीवर! एक प्रत हौसेनं खात्यालाही दिली. काही महिन्यांनी गेले, तर त्याच्या खुर्चीवर दुसराच माणूस आणि फायलींना पांढऱ्या नाड्या. पत्ता काढून घरी गेले. तो सस्पेंड झाला होता. "रिबिनी कुणाच्या ते आख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं, अक्का," दारातच उभा राहून तो म्हणाला; रागावलासुद्धा नाही. ज्यांनी ती घरं खाल्ली ते सगळे प्रबंधात हुद्द्यासकट आहेत. त्यांच्यातल्या एकालाही साधी नोटीस आली नाही. आज माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध बाइंड होऊन आला. मी आधी आभाराचं पान उघडलं. सरकार तेवढं एकच पान वाचतं.